फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई व गरिबांच्या इस्पितळाचा पैसा

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे नाव ज्याच्या कानी पडले नाही असा वाचक आमच्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. हातात दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी बाई, हे त्यांचे चित्र शाळेच्या पुस्तकांत व इस्पितळांच्या भिंतींवर पुष्कळांनी पाहिले आहे. ते चित्र खोटे नाही. परंतु दिव्याचे ते काम दोन वर्षेही पुरी चालले नाही, आणि त्यानंतर बाई चोपन्न वर्षे जगल्या. त्या दीर्घ काळात त्यांच्या हाती बहुधा टाक असे व पुढ्यात आकड्यांचे तक्ते असत. आजारी गरिबांकरिता सरकार व ठिकठिकाणचे पंच जो पैसा काढून ठेवतात तो कोणापासून घ्यावा, कोठे किती द्यावा, आणि त्या वाटणीत रोग्याच्या खाटेजवळ उभ्या असणाऱ्या परिचारिकेचे काय होते, ह्या गोष्टींचा विचार त्यांनी जन्मभर केला. आमच्या मंडळ्यांतील कितीएक मुली नर्सिंगचे काम शिकून दूरदूरच्या दवाखान्यांत राहिल्या आहेत. सबब बाईंच्या चरित्राचा हा कमी सांगितला जाणारा भाग आज थोडा विस्ताराने देत आहो.

बाईंचा जन्म 12 मे 1820 रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स शहरी झाला व त्या शहराचेच नाव त्यांस ठेवण्यात आले. घराणे इंग्रज, श्रीमंत, दोन परगण्यांत वाडे असलेले. बापाने मुलींस घरीच ग्रीक, लॅटिन व इतिहास शिकविला. गणिताची गोडी मात्र फ्लॉरेन्सला आपलीच होती, आणि आईस ती मुळीच पसंत नव्हती. 1837 साली, वयाचे सतरावे वर्ष चालू असता, देवाने आपणास सेवेस बोलाविले आहे अशी त्यांची खात्री झाली. ती सेवा कोणती हे कळावयास पुढे बरीच वर्षे गेली, आणि कळल्यावर घरच्यांचा विरोध मोडावयास आणखी काही वर्षे लागली. त्या विरोधास कारणही होते. त्या काळी इंग्लंडात इस्पितळातील नर्स म्हणजे दुसरे कोठे काम न मिळालेली व बहुधा दारूची सवय लागलेली बाई, असा लोकांचा समज असे, आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. जर्मनीत कैसरवेर्थ येथे फ्लीडनर नावाच्या पाळकाने 1836 साली डीकनेस भगिनींची संस्था काढली होती. 1851 साली बाई तेथे सुमारे तीन महिने राहिल्या. तेथील साधी राहणी, भक्ती व शिस्त त्यांच्या मनात भरली. शुश्रूषेचे ज्ञान मात्र तेथेही त्यांस बेताचेच वाटले.

1853 साली लंडनातील हार्ली रस्त्यावर, हलाखीत आलेल्या कुलीन स्त्रियांकरिता असलेल्या एका लहान इस्पितळाची व्यवस्था त्यांजकडे आली. कमिटीपुढे त्यांनी प्रथम ज्या मागण्या मांडल्या त्या अशा: प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ असावा, स्वयंपाकघरातून जेवण वर चढविण्यास यंत्र असावे, रोग्याने घंटा ओढली असता कोणी ओढली हे नर्सला तिच्या मजल्यावरच कळावे. कमिटीच्या बायांस ह्यात चैन दिसली असल्यास नवल नाही. बाईंचे म्हणणे असे की, जी नर्स दिवसभर जिने चढते व उतरते ती नर्स राहत नाही, तिचे नुसते दोन पाय होतात. नळाचा खर्च एकदाचा असतो, पायांचा रोजचा असतो. पण वहीत पहिला तेवढा लिहिला जातो. ज्या दवाखान्यात नर्सबाईस अर्ध्या मैलावरून पाण्याच्या घागरी आणवाव्या लागतात, तो आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिलेला असल्यामुळे ह्यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

पुढच्याच वर्षी क्रिमियाची लढाई जुंपली. तुर्कस्तानात स्कुटारी येथील इंग्रजी इस्पितळांत शिपायांचे हाल होत आहेत, बांधावयास पट्ट्याही नाहीत, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट ह्यांनी नाइटिंगेलबाईंस पाठविण्याचे ठरविले. 21 ऑक्टोबर 1854 रोजी बाई 38 स्त्रियांस घेऊन निघाल्या व 4 नोव्हेंबर रोजी स्कुटारीस पोहोचल्या. तेथे त्यांस जे दिसले त्यात आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते ती ही की, सामान नव्हते असे नव्हे. सामान इंग्लंडातून पाठविलेले होते. पुष्कळसे येऊन पडलेही होते. परंतु कोठीच्या अधिकाऱ्यास पंचांची तपासणी झाल्यावाचून पेटी फोडण्याचा हुकूम नव्हता, आणि पंच बसत नव्हते. हजारो सदरे कोठीत बांधलेले, व बाहेर फरशीवर माणसे उघडी पडलेली. सरकारी फौजेस कोणी काय सोबत आणावे ह्याचेही नियम होते. शिपायाने आपला चमचा व सदरा पडशीतून आणावयाचा असे. त्याची पडशी रणांगणावर राहिली, म्हणून इस्पितळाच्या हिशेबात त्यास चमचा नव्हता. बाईंजवळ लोकांनी दिलेला वर्गणीचा पैसा होता व बाजारात माल मिळत होता. त्यांनी सदरे, टॉवेल, चमचे, घासण्याचे ब्रश, कंदील विकत घेतले. पुढेपुढे लष्करी डॉक्टर, जे प्रथम त्यांस वॉर्डात शिरू देण्यास कचरत होते, तेच लागेल त्या वस्तूकरिता त्यांजकडे माणूस पाठवू लागले. दिव्याच्या चित्रात ही कोठी दिसत नाही.

तथापि ह्या सर्व कष्टांनी मरण थांबले नाही. त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. 1855 च्या फेब्रुवारीत इस्पितळात आलेल्या दर 100 शिपायांमागे सुमारे 42 दगावले. मार्च महिन्यात सरकारने पाठविलेले आरोग्य कमिशन आले. त्यांनी पाहिले की, त्या प्रचंड इमारतीखाली तुंबलेली गटारे आहेत व पाण्याच्या वाटेवर मेलेली जनावरे पडली आहेत. गटारे धुऊन काढली, घाण हलविली, हवेस वाट केली, आणि उन्हाळ्यापर्यंत तेच प्रमाण दर 100 मागे सुमारे दोनावर आले. स्कुटारीत असता बाईंस ह्याचा पुरा उलगडा झाला नव्हता. परत आल्यावर डॉक्टर विल्यम फार ह्या आकडेशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी मृत्यूंचे तक्ते मांडले, तेव्हा तो झाला. आपण व आपल्या बायांनी रात्रंदिवस ज्यांची सेवा केली त्यांपैकी हजारो माणसे जखमांनी मेली नसून घराखालच्या घाणीने मेली, हे ते आकडे सांगत होते. हा घाव त्यांच्या मनात खोल गेला असावा; कारण ह्यानंतर केवळ प्रेमळ शुश्रूषेच्या स्तुतीने त्या कधी संतुष्ट झाल्या नाहीत. कोणी वाखाणणी करू लागला की त्या गटारांची चौकशी करीत.

लोकांनी कृतज्ञतेने सुमारे 45,000 पौंडांचा फंड जमविला. त्यातून 1860 साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात नर्सेस शिकविण्याची शाळा निघाली. बाईंची प्रकृती मात्र क्रिमियातील तापाने कायमची बिघडली होती. तरुणपण सरले नाही तोच त्यांनी खाट धरली, आणि बहुतेक सर्व पुढले काम खोलीत पडल्यापडल्या पत्रे लिहून, मंत्र्यांस व अधिकाऱ्यांस बोलावून केले.

आता लिव्हरपूलकडे वळू, कारण आमच्या विषयाचे मर्म तेथे आहे. इंग्लंडात 1834 च्या कायद्याने गरिबांची व्यवस्था अशी केली होती की, काही पॅरिश मिळून एक युनियन, तिच्यावर पट्टी देणाऱ्या घरवाल्यांनी निवडलेले पंच, आणि ज्यास खावयास नाही त्याने वर्कहाऊस नावाच्या मोठ्या घरात येऊन राहावे. तेथील वागणूक मुद्दाम कठोर ठेवलेली असे, अशासाठी की आळशी माणसाने तेथे येऊ नये. आळशासाठी योजलेल्या त्या घरात आजारी, म्हातारे, वेडे व लहान मुले येऊन भरली. मोठ्या शहरांत वर्कहाऊसचे आजारघर हेच गरिबांचे इस्पितळ झाले. धर्मार्थ देणग्यांवर चालणारी नामांकित इस्पितळे होती. पण ती बहुधा बरा होण्याजोगा रोगी निवडून घेत, आणि ज्याचे दुखणे लांबले तो शेवटी वर्कहाऊसच्या खाटेवर जाई. तेथे नर्स कोण? तेथलीच एखादी कंगाल बाई. तिला पगार नाही. थोडे जास्त खाणे किंवा बीअर दिली की झाले. तिला औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता येत नसे. पंच क्रूर होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांस पट्टी कमी ठेवावयाची होती. डॉक्टरास पगार दिल्यावाचून डॉक्टर येत नाही, कोळसे फुकट मिळत नाहीत, भाकरीचे वजन ठरलेले. मग काटकसर कोठे करावी? शुश्रूषा ही अशी वस्तू आहे की ती नसली तरी वहीत भोक दिसत नाही.

लिव्हरपूलचे विल्यम रॅथबोन नावाचे एक व्यापारी गृहस्थ होते. त्यांची पत्नी 1859 साली वारली. तिच्या आजारात एका चांगल्या नर्सचा केवढा आधार झाला हे पाहून त्यांनी त्याच नर्सला शहरातील गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यास पगारावर ठेवले. जिल्हा नर्सिंगचा आरंभ बहुधा येथून सांगतात. पुढे रॅथबोन ह्यांनी नाइटिंगेलबाईंशी पत्रव्यवहार करून लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल वर्कहाऊसात शिकलेल्या नर्सेस आणण्याचा बेत केला. तेथील आजारघरात सुमारे बाराशे रोगी असत. पट्टीचा पैसा अशा नव्या प्रयोगावर घालण्यास पंच धजणार नाहीत हे ओळखून तीन वर्षांचा खर्च आपण सोसू, असे रॅथबोन ह्यांनी सांगितले.

1865 च्या मे महिन्यात अॅग्नेस जोन्स ही बाई सेंट टॉमसच्या शाळेत शिकलेल्या बारा नर्सेस घेऊन तेथे गेली. ती आयर्लंडात वाढलेली, मोठी भाविक, कैसरवेर्थलाही राहून आलेली होती. तिच्या हाताखाली बारा नर्सेसखेरीज अठरा उमेदवार बाया व वर्कहाऊसमधल्याच पन्नासांहून अधिक कंगाल स्त्रिया देण्यात आल्या. पंचांची आशा ही की, त्या कंगाल स्त्रियांस थोडे शिकवून थोडा पगार दिला म्हणजे स्वस्तात नर्सेस तयार होतील. तो प्रयोग फसला. पगाराचा दिवस आला की त्यांतल्या कितीएक दारूच्या दुकानात सापडत; बहुतेकींस काढून टाकावे लागले. वर्कहाऊसच्या मुख्याचे व तिचे अधिकारावरून खटके उडत, आणि रॅथबोन व नाइटिंगेलबाई दोघांसही ते पुनःपुन्हा मिटवावे लागत. बाईंचा आग्रह असा की, नर्सेसवर हुकूम चालेल तो शिकलेल्या मेट्रनचाच. ज्याच्या हाती कोठीच्या किल्ल्या तो नर्सेसचाही धनी झाला, तर तो त्यांस कपडे धुण्यास व फरशी पुसण्यास लावील, कारण तेवढा नोकरांचा पगार वाचतो. दोन वर्षांत फरक एवढा दिसला की डॉक्टरांनी अनुकूल मत दिले, आणि पुरुषांच्या वॉर्डांपुरते चाललेले काम स्त्रियांच्या वॉर्डांतही नेण्याचे ठरले; खर्चही पुढे पट्टीतून होऊ लागला.

अॅग्नेस जोन्सला हे फार दिवस पाहावयास मिळाले नाही. बाराशे रोग्यांची चिंता, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत फिरणे, आणि त्यात टायफस तापाची साथ. 19 फेब्रुवारी 1868 रोजी ती वारली. वय 35. नाइटिंगेलबाईंनी तिजविषयी त्याच वर्षी एक लेख लिहिला व तरुण स्त्रियांस तिची जागा भरण्यास बोलाविले. तो वाचून पुष्कळांनी डोळे पुसले असतील. आम्हांस मात्र विचारावेसे वाटते की, बाराशे रोग्यांस जितक्या शिकलेल्या बाया हव्या होत्या तितक्या पहिल्यापासून दिल्या असत्या तर तिला इतके झिजावे लागले असते काय? सेवेत मरणाऱ्याची आपण थोरवी गातो, ते योग्यच आहे. पण ती थोरवी गाता गाता पंचांच्या वहीकडे डोळेझाक होऊ नये.

लंडनात ह्याच सुमारास दुसरी हकीगत घडली. 1864 च्या डिसेंबरात एक आयरिश मजूर वर्कहाऊसच्या आजारघरात हयगयीने मेला व वर्तमानपत्रांत गवगवा झाला. बाईंनी ती संधी साधून गरिबांच्या खात्याचे अध्यक्ष विलियर्स ह्यांस लिहिले. त्यांच्या मागणीचे तीन भाग होते. आजारी, वेडे, असाध्य रोगी व मुले ह्यांस कंगालांत न मोजता निरनिराळे ठेवावे, कारण आजारी माणूस हा आजारी आहे, त्याच्या गरिबीची शिक्षा त्यास इस्पितळात भोगावयास लावू नये. सर्व लंडनच्या अशा इस्पितळांची व्यवस्था एका हाती असावी. आणि खर्चासाठी सर्व शहरावर एकच पट्टी बसवावी.

ह्या शेवटल्या मागणीचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. लंडनात प्रत्येक पॅरिश किंवा युनियन आपापल्या गरिबांस पोशी. शहराच्या पूर्वेस मजुरांची वस्ती. तेथे गरीब पुष्कळ, ताप पुष्कळ, आणि पट्टी देणारेही बहुतेक लहान दुकानदार. पश्चिमेस सरदारांचे वाडे. तेथे गरीब थोडे व घरांची किंमत मोठी. म्हणजे जेथे आजार जास्त तेथे पैसा कमी, व रुपयामागे पट्टी मात्र जड. जेथे आजार कमी तेथे पैसा भरपूर व पट्टी हलकी. पूर्वेकडील पंच कितीही दयाळू असोत, शिकलेली नर्स ठेवावी तर विधवेच्या दुकानावर पट्टी वाढवावी लागे. बाईंनी हे ओळखले की, असा पंच बदलून उपयोग नाही, थैली बदलली पाहिजे. अनेक लहान थैल्यांची एक मोठी थैली झाल्यावाचून पूर्वेकडील रोग्याच्या खाटेजवळ नर्स उभी राहणार नाही.

विलियर्स ह्यांचे सरकार 1866 साली पडले. नवे अध्यक्ष गॅथोर्न हार्डी ह्यांनी 1867 साली लंडनच्या गरिबांविषयी कायदा केला. त्याने एक सामाईक फंड निघाला; तापाची, देवीची व वेड्यांची इस्पितळे, औषधे, डॉक्टरांचे पगार असे काही खर्च त्यावर पडू लागले, आणि श्रीमंत पॅरिश गरीब पॅरिशींस हातभार लावू लागल्या. मागितले तेवढे मिळाले नाही. सर्व इस्पितळे एका व्यवस्थेखाली आली नाहीत, आणि शुश्रूषेविषयीच्या ज्या सूचना बाईंनी विस्ताराने लिहून दिल्या होत्या त्यांतले फार थोडे कायद्यात उतरले. वर्कहाऊसमधल्या कंगालांकडून नर्सचे काम घेऊ नये असा सरकारी हुकूम निघावयास 1897 साल उजाडले. लिव्हरपूलच्या प्रयोगानंतर बत्तीस वर्षे.

हा धागा आमच्या काळापर्यंत आणून सोडतो. 5 जुलै 1948 रोजी इंग्लंडात सर्व रोग्यांस विनामूल्य उपचार देणारी राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली, आणि वर्कहाऊसची कितीएक आजारघरे नाव बदलून तिची इस्पितळे झाली. थैली सर्व देशाची एक झाली. तरी जेथे इस्पितळे आधीपासून मोठी तेथेच पैसा अधिक जात राहिला. कोणत्या भागात लोक किती, म्हातारे व मुले किती, मरतात किती, हे पाहून वाटणी करावी असे गणित एका कमिटीने 1976 साली मांडले. नाइटिंगेलबाईंस ते आवडले असते असे आम्हांस वाटते. पण वाटणी कितीही न्यायाची केली, तरी इस्पितळाच्या खर्चात पगार हा सर्वांत मोठा, व पगारात नर्सेसचा वाटा मोठा. म्हणून तूट आली की रिकामी झालेली नर्सची जागा न भरणे हा उपाय चालकांस पहिला सुचतो. 2020 साली कोविडच्या साथीत तेथील सरकारने थोड्या दिवसांत मोठमोठी तात्पुरती इस्पितळे उभारून त्यांस नाइटिंगेल हेच नाव दिले. लंडनातल्या इस्पितळात चार हजारांपर्यंत खाटा मांडता येतील अशी जागा होती. साथीच्या पहिल्या लाटेत तेथे 54 रोग्यांवर उपचार झाले. दुसऱ्या इस्पितळांनी आपल्या खाटा वाढविल्या हे ह्याचे एक कारण; आणि अत्यवस्थ रोगी सांभाळणाऱ्या नर्सेस मोकळ्या नव्हत्या हे दुसरे.

हिंदुस्थानाविषयी बाईंस विशेष आस्था होती, जरी त्या येथे कधी आल्या नाहीत. येथील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी 1859 साली सुरू झाली व अहवाल 1863 साली निघाला. दर हजार शिपायांमागे वर्षास 69 मरत असत. दहा वर्षांनी ते प्रमाण 18 वर आले. बराकी व पाणी सुधारण्यावर सरकारने पैसा खर्च केला म्हणून हे झाले. पण तो पैसा छावणीच्या कुंपणाशी थांबला. येथील इस्पितळांत शिकलेल्या नर्सेस आणण्याची बाईंची सूचना लहानशा आरंभाची होती. ती कचेऱ्यांतून फिरता फिरता मोठी व खर्चाची योजना झाली, आणि मग खर्चाच्या सबबीवर नाकारण्यात आली. ही रीत आमच्या वाचकांस अपरिचित नसावी.

पुढे बाईंचे लक्ष छावणीवरून खेड्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबई इलाख्यात 1889 साली खेड्यांच्या स्वच्छतेचा कायदा झाला, त्याची त्यांनी बारकाईने चौकशी चालविली. कायदा झाला, पण पैसा कोठून? ह्या इलाख्यात जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत असत; त्याचे दोन भाग रस्ते वगैरे कामांस व एक भाग शाळांस जाई. बाईंनी 1892 साली काही मंडळींच्या सह्यांनिशी भारतमंत्र्यांस अर्ज केला की, खेड्यांतून जमणाऱ्या असल्या पट्टीवर पहिला हक्क त्याच खेड्याच्या स्वच्छ पाण्याचा व साध्या आरोग्याचा असावा. तेवढे झाल्यावर उरेल ते मोठ्या रस्त्यांस जावे. रस्ता तालुक्याच्या साहेबास दिसतो, आटलेली व घाण झालेली विहीर म्हारवाड्यातल्या बाईस दिसते. अर्जाचा आदर झाला, तो प्रांतोप्रांती पाठविण्यात आला. पण असा पहिला हक्क काही मिळाला नाही. बाई तेव्हा 72 वर्षांच्या होत्या व त्यांची दृष्टी मंद होत चालली होती. तरी दोन वर्षांनी बुडापेस्ट येथे भरलेल्या आरोग्य परिषदेसाठी त्यांनी हिंदुस्थानातील खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध पाठविलाच.

आज आमच्या सरकारचे माप असे आहे की, सपाट मुलुखात पाच हजार व डोंगरी किंवा आदिवासी मुलुखात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावे. डोंगरात नर्सबाईस चालावे लागते हे त्या मापात मोजलेले आहे, ही चांगली गोष्ट होय. पाड्याकडे जाणारा ओढा पावसाळ्यात किती दिवस अडवितो, किंवा केंद्रातली दुसरी जागा किती महिने रिकामी आहे, हे मापात येत नाही. ते तिच्या पायांवर पडते.

नाइटिंगेलबाईंचे सर्वच विचार बरोबर होते असे समजू नये. रोगजंतूंचा शोध त्यांनी फार उशिरापर्यंत मनापासून मानला नाही. नर्सेसची सरकारी नोंदणी व परीक्षा असावी ही मागणी 1887 नंतर जोराने पुढे आली, तेव्हा त्यांनी तिला कसून विरोध केला. परीक्षेने चांगुलपण मोजता येत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे असले तरी नोंदणीवाचून नर्सला आपले पगाराचे व दर्जाचे गाऱ्हाणे मांडण्यास पायच नव्हता. इंग्लंडात तो कायदा 1919 साली, त्यांच्या मागे, झाला. शिवाय, शुश्रूषा हे पाचारण आहे असे त्या म्हणत, आणि नर्सला पुरता पगार, निजावयास स्वच्छ खोली व पोटभर अन्न दिले पाहिजे असेही म्हणत. चालकांनी पहिले वाक्य पाठ केले व दुसरे सोडून दिले. ही लबाडी धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थांतही होते, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही.

1901 च्या सुमारास त्यांची दृष्टी पुरी गेली. 1907 साली राजाने त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट हा मान दिला. तो त्या काळापर्यंत कोणा स्त्रीस मिळाला नव्हता. तो घरी आणून देण्यात आला तेव्हा काय चालले आहे ह्याची त्यांस फारशी जाणीव राहिली नव्हती. 13 ऑगस्ट 1910 रोजी लंडनातील आपल्या घरी, नव्वद वर्षांच्या होऊन, त्या झोपेत वारल्या. वेस्टमिन्स्टर अॅबेत राजेरजवाड्यांशेजारी जागा देऊ केली होती; ती घरच्यांनी, त्यांच्या इच्छेस अनुसरून, घेतली नाही. ईस्ट वेलो येथील खेड्याच्या देवळाच्या आवारात आईबापांजवळ त्यांस पुरले. दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आहेत व जन्ममृत्यूची साले आहेत.